वाचक विचारतात: पांढऱ्या तांदळातले रंगाचे जीन्स गेले कुठे?

प्रश्न: लाल आणि काळ्या तांदळात अँटिऑक्सिडंट (पेशींना घातक ऑक्सिजनपासून वाचवणारे पदार्थ) भरपूर असतात म्हणे. मग पांढऱ्या तांदळाच्या रोपात ते बनवणारे जीन्सच नसतात का?

असतात की! जवळजवळ सगळेच असतात. कारखान्यात मशिनं सगळी आहेत पण मेन स्विच बंद, तसा प्रकार आहे.

आधी मशिनं, म्हणजे एन्झाइम, बघू. सुरुवात होते फिनाइलअ‍ॅलानिन नावाच्या साध्या अमायनो अ‍ॅसिडपासून, जे रोपाला प्रोटीनसाठी तसंही लागतंच. पीएएल नावाचं एन्झाइम त्यातला अमोनिया काढून टाकतं की त्याचं सिनॅमिक अ‍ॅसिड होतं, पुढे आणखी दोन एन्झाइम त्यावर हात फिरवतात आणि मग येतं चाल्कोन सिंथेज, म्हणजे सीएचएस. ते मॅलोनिल को-ए चे तीन रेणू जोडून फ्लेव्होनॉइड गटातल्या पदार्थांचा मूळ सांगाडा उभा करतं. सीएचआय त्या सांगाड्याचं एक कडं बंद करतं (हे एन्झाइम बिघडलं तर तूस आणि पेरं चक्क सोनेरी होतात, असे म्युटंट, म्हणजे जीन बदललेली रोपं, भातात सापडलेत). पुढे एफथ्रीएच, डीएफआर, एएनएस अशी रांग, आणि शेवटी साखरेचा रेणू चिकटला की तयार होतं अँथोसायनिन, काळ्या तांदळाचा रंग आणि अँटिऑक्सिडंटही. लाल तांदळात ही वाट शेवटाकडे वळते आणि प्रोअँथोसायनिडिन बनतं, ते टॅनिनच्या कुळातलं, आणि तेही अँटिऑक्सिडंट.

आता स्विच. लाल रंगासाठी दोन जीन्स लागतात. सातव्या क्रोमोसोमवरचा आरसी हा हुकूम सोडणारा, आणि पहिल्या क्रोमोसोमवरचा आरडी, ज्याच्यापासून डीएफआर एन्झाइम बनतं. दोन्ही चालू असले तर दाणा लाल, नुसता आरसी असेल तर तपकिरी, नुसता आरडी असेल तर काहीच नाही, कारण हुकूमच सुटत नाही. पांढऱ्या तांदळाच्या बहुसंख्य जातींमध्ये आरसी जीनमधली फक्त 14 अक्षरं गळालेली आहेत, हे 2006 मध्ये दाखवलं गेलं. डीएनए तीन-तीन अक्षरांच्या गटांत वाचला जातो, 14 ला तीनने भाग जात नाही, त्यामुळे पुढचं सगळं वाचन घसरतं आणि अर्धवट, निकामी प्रोटीन बनतं.

माझा सगळ्यात आवडता भाग पुढे आहे. वेल्स नावाच्या एका पांढऱ्या अमेरिकन जातीत अचानक लाल दाण्यांची रोपं निघाली. जीन तपासला तर त्याच ठिकाणाजवळ आणखी एक अक्षर गळालेलं! 14 आणि 1 मिळून 15, तीनने भाग गेला, वाचन परत रुळावर आलं आणि रंग परतला. एक अक्षर आणखी हरवून जीन दुरुस्त झाला, असं क्वचितच बघायला मिळतं.

काळ्या तांदळाची गोष्ट उलटी. तिथे चौथ्या क्रोमोसोमवरचा काला-4 हा जीन महत्त्वाचा. त्याचं प्रोटीन नाही बदललं, जीनच्या आधीचा प्रमोटर, म्हणजे कधी आणि कुठे चालू व्हायचं ते ठरवणारा भाग, त्याची उलथापालथ झाली. त्यामुळे हा जीन दाण्याच्या सालीत चालू झाला, आणि त्याने सीएचएसपासून एएनएसपर्यंत सगळ्यांना कामाला लावलं.

मग माणसाने पांढराच का निवडला? आरसी जीन रंगासोबत बी किती काळ सुप्त राहणार यावरही परिणाम करतो. लाल दाण्याचं बी उशिरा रुजायला बघतं. पेरलं की एकसाथ उगवणारं बी शेतीला सोयीचं, त्यामुळे निवडीत याचाही हात असावा असं मला वाटतं.

प्रश्न: मी एमएस्सीला आहे. अँटिऑक्सिडंट एन्झाइम आणि अँटिऑक्सिडंट बनवणारी एन्झाइम एकच का? पुस्तकात गोंधळ होतो.

नाही, वेगवेगळी. पीएएल, सीएचएस वगैरे पदार्थ बनवतात. एसओडी, कॅटलेज आणि एपीएक्स स्वतःच घातक ऑक्सिजन निकामी करतात. एसओडी सुपरऑक्साइड या घातक ऑक्सिजनचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं, मग कॅटलेज किंवा एपीएक्स त्याचं पाणी करून टाकतात, त्यात एपीएक्सला व्हिटॅमिन सी लागतं. भातात कॅटलेजचे तीन आणि एपीएक्सचे आठ जीन्स आहेत, कारण पेशीच्या क्लोरोप्लास्ट, पेरॉक्सिसोम, सायटोप्लाझम अशा प्रत्येक भागात वेगळा पहारा लागतो. दुष्काळ, खारं पाणी, थंडी आली की हीच मंडळी धावपळ करतात. रोप हे सगळं स्वतःच्या जिवासाठी करतं, आपल्या तब्येतीचा त्यात काही विचार नाही!

प्रश्न: पॉलिश केल्यावर काय उरतं?

फार कमी. रंग सालीत असतो आणि कोंड्यासोबत जातो. कोंड्यात आणि अंकुरात गॅमा ओरायझॅनॉल आणि व्हिटॅमिन ई गटातले टोकोट्राएनॉल हे अँटिऑक्सिडंटसुद्धा असतात, एचजीजीटी हे एन्झाइम त्यांच्या बनण्याची पहिली पायरी सांभाळतं. हे दोन्ही पांढऱ्या जातीच्या ब्राऊन राइसमध्येही असतात, म्हणजे फक्त रंग बघून निकाल लावू नका.

प्रश्न: मग आतल्या गाभ्यातच अँटिऑक्सिडंट बनवता येणार नाही का?

बनवलंय. 2000 साली गोल्डन राइसमध्ये डॅफोडिल या फुलझाडाचे आणि बॅक्टेरियाचे जीन्स घालून गाभ्यात बीटा-कॅरोटिन आणलं गेलं. 2005 मध्ये डॅफोडिलऐवजी मक्याचा जीन वापरला तर कॅरोटिनॉइड (बीटा-कॅरोटिनच्या गटातले पदार्थ) ग्रॅममागे 37 मायक्रोग्रॅमपर्यंत पोचलं. 2017 मध्ये चीनमधल्या शास्त्रज्ञांनी आठ जीन्स एकदम घालून अँथोसायनिन असलेला जांभळा गाभा तयार केला. एवढे का घालावे लागले, तर गाभ्यात हुकूम सोडणारेही गप्प असतात आणि पुढच्या रांगेतली बरीच एन्झाइमंही, त्यामुळे एकटा स्विच दाबून भागत नाही.

प्रश्न: आमच्या एका रोपाची पानं जांभळी आहेत. दाणे काळे निघतील का?

खात्री नाही. पान, तूस, साल, प्रत्येक ठिकाणचा हुकूम वेगळा सुटू शकतो. जांभळी पानं आणि पांढरा दाणा असलेल्या जाती आहेत. एक दाणा सोलून बघा, लगेच कळेल.