१६११ च्या इंग्रजी बायबलात झाडांच्या फळांनाही ‘मीट’ (meat, आज ज्याचा अर्थ मांस) म्हटलंय. हा जुना अर्थ कुठे बघायचा?

‘ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’त बघा, हाताशी असतो त्या छोट्या ऑक्सफर्ड कोशात नको. या मोठ्या कोशात अर्थ साधारण कालक्रमानं लावलेले असतात आणि प्रत्येकाखाली सालासकट लेखी उतारे असतात. ‘मीट’खाली सुरुवातीलाच ‘अन्न, कुठलंही खाणं’ हा अर्थ मिळेल; मांसापुरता तो नंतर आकसला. (संस्कृतात ‘मृग’ म्हणजे आधी कुठलाही पशू, मग हरीण, तसंच.) अर्थाआधी † खूण असेल तर तो वापरातून गेलाय. ऑनलाइन आवृत्तीला वर्गणी लागते, पण १८८४ ते १९२८ मध्ये निघालेले मूळ खंड इंटरनेट अर्काइव्हवर फुकट आहेत. फक्त पहिल्या उताऱ्याचं साल हे शब्दाचं जन्मसाल धरू नका. तो संपादकांना सापडलेला सर्वांत जुना लेखी पुरावा असतो, बोलण्यात शब्द त्याच्या कितीतरी आधीपासून असू शकतो.