रेकॉर्डर बंद केल्यावर सांगितलेलं

प्रश्न : ताई, गोव्यातून पूर्व आफ्रिकेत झालेल्या स्थलांतरावर मी पीएचडी करते आहे. बार्देशातल्या एका आजींचे पती नैरोबीत कारकून होते. 1963 साली केनिया स्वतंत्र झाल्यावर ते गोव्याला न परतता इंग्लंडला गेले. आजी इथेच राहिल्या. सगळ्यात खरं वाटलं ते त्यांनी रेकॉर्डर बंद करायला लावून सांगितलं. त्यावर कादंबरी लिहावीशी वाटते. मार्गदर्शक म्हणतात, ते संशोधन नव्हे. काय करू?
– एक विद्यार्थिनी, म्हापसा

उत्तर : दोन्ही लिहा, पण एका वहीत नको. कादंबरीकार अब्दुलरझाक गुर्ना पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळचं झांझिबार बेट सोडून इंग्लंडला गेले, पुढे केंट विद्यापीठात प्राध्यापक झाले. 1982 सालचा त्यांचा प्रबंध पश्चिम आफ्रिकेतल्या कथासाहित्याच्या समीक्षेवर होता. आपला पूर्वेचा किनारा आणि तिथून उठून गेलेली माणसं त्यांनी ठेवली कादंबऱ्यांसाठी. 2021 सालचं नोबेल त्या लेखनाला मिळालं. त्यांना झांझिबारला परतता आलं ते 1984 साली. वडील भेटले आणि थोड्याच दिवसांत गेले. हे वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ नुसती बसून होते.

आमच्या थोरल्या काकांना तेवढंही मिळालं नाही. ते मुंबईत नोकरीला होते. पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या गोव्याची भारताने 1955 साली नाकेबंदी केली, त्यात वाटा अडल्या आणि त्यांची आई, म्हणजे माझी आजी, गेली तेव्हा ते पोचू शकले नाहीत. ‘ये-जा बंद झाली’ एवढं प्रबंधात येईल. पण त्या चतुर्थीला आजीने माटोळीचा (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या मांडवीचा) एक नारळ कुणाला फोडू दिला नव्हता, थोरला आल्यावर फोडू म्हणून. त्या नारळाचं पुढे काय झालं, घरात कुणालाच आठवत नाही. कादंबरी मला तिथे सुरू होताना दिसते.

मात्र बार्देशातल्या आजींनी विश्वास तुमच्यावर टाकला, पुस्तकावर नाही. नाव बदलून भागणार नाही. गावात बाल्कावाच्या, म्हणजे घरापुढच्या बसायच्या ओसरीच्या, वर्णनावरून घर ओळखतात. (तुमच्या पत्रातलं गावाचं नाव मी इथे छापू दिलेलं नाही.)

तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. आजी कोंकणीत बोलल्या, तुम्ही मराठीत लिहिणार. त्यांच्या तोंडचा ‘आफ्रिकार’ (आफ्रिकेत नोकरीला गेलेला गोंयकार) तसाच ठेवा, त्याचा ‘अनिवासी’ करू नका. नवरा तिकडे आणि आपण इकडे, हे सगळं त्यांच्यासाठी त्या एका शब्दात आहे.

पहिलं प्रकरण झालं की त्यांच्यापाशी बसून वाचून दाखवा. ‘हें काड’ म्हणाल्या, तर काढा.