पहिल्या बाइटांवरून प्रोटोकॉल ओळखताना

सप्रेम नमस्कार,

तुझे पत्र आणि सोबतचा कोड, दोन्ही सावकाश वाचले. सर्व्हरच्या एकाच पोर्टवर (म्हणजे एकाच क्रमांकाच्या दारावर) टीएलएस (कूटबद्ध जोडणी), साधे एचटीटीपी (वेबची भाषा) आणि एसएसएच (दूरच्या यंत्रावर सुरक्षित प्रवेश) या तिन्ही प्रकारच्या जोडण्या घ्यायच्या आणि कोण आले आहे ते पहिल्या काही बाइटांवरून ठरवायचे, ही कल्पना चांगली आहे. एसएसएलएच नावाचा छोटा प्रोग्राम हेच काम बऱ्याच वर्षांपासून करतो आहे. तुझ्या कोडमध्ये आलेल्या बाइटांची प्रोटोकॉलांच्या तक्त्याशी केलेली तुलना बरोबर आहे. मला लिहावेसे वाटते ते त्या तुलनेच्या आधी आणि नंतर काय घडते त्याविषयी.

पत्राच्या शेवटी तू जाता जाता विचारलेला प्रश्न आधी घेतो, कारण मूळ विषय त्याच्यातच आहे. काफ्का या संदेश पोहोचवणाऱ्या सर्व्हरच्या लॉगमध्ये ११९५७२५८५६ बाइटांचा संदेश आल्याची तक्रार दिसते, मर्यादा मात्र १०४८५७६०० ची आहे, आणि एवढा मोठा संदेश कोणी पाठवलेलाच नाही. काफ्का प्रत्येक संदेशाचे पहिले चार बाइट त्या संदेशाची लांबी म्हणून वाचतो. जी, ई, टी ही अक्षरे आणि त्यापुढची रिकामी जागा यांचे आस्की क्रमांक ७१, ६९, ८४ आणि ३२ आहेत; हे चार बाइट एका पूर्णांकात ओळीने बसवले की नेमका तुझा आकडा मिळतो. म्हणजे कोणीतरी, बहुधा एखादे हेल्थ चेक (सर्व्हर चालू आहे का ते तपासणारा प्रोग्राम), त्या पोर्टशी एचटीटीपीत बोलले आहे. उद्या त्याच लॉगमध्ये ३६९२९६१२८ दिसला तर तोही असाच फोडून पाहा: २२, ३, ३, ०. तो टीएलएस क्लायंट आहे. लांबीवर मर्यादा नसती तर सर्व्हरने त्या जी, ई, टी आणि रिकाम्या जागेच्या चार बाइटांसाठी सव्वा अब्जाच्या आसपास बाइटांची जागा राखायला घेतली असती.

बाइट स्वतःचा अर्थ सोबत घेऊन येत नाहीत. तो वाचणारा लावतो. पोर्ट क्रमांक ही केवळ अपेक्षा असते. म्हणून जे अनुमान आपण करतो त्याचा पुरावा किती भक्कम आहे, हे प्रत्येक प्रोटोकॉलसाठी वेगळे तपासावे लागते, आणि तुझ्या तक्त्यात सगळ्या ओळी एकाच तोलाच्या धरलेल्या आहेत.

एचटीटीपी २ चा क्लायंट सुरुवातीला ठरावीक २४ बाइट पाठवतो, आणि जुन्या एचटीटीपी सर्व्हरने ते पाहून पुढे वाचण्याचा प्रयत्नच सोडून द्यावा, अशा हेतूने ते निवडलेले आहेत. हे २४ बाइट जुळले तर शंकेला जागा नाही. टीएलएसमध्ये पहिला बाइट २२, दुसरा ३, मग आवृत्तीचा उरलेला बाइट आणि लांबीचे दोन, असे पाच बाइटांचे शीर्षक असते, आणि सहावा बाइट १ असेल तर तो क्लायंटचा पहिला हँडशेक संदेश, म्हणजे जोडणी जुळवण्याच्या बोलणीतला पहिला संदेश आहे. तू फक्त २२ पाहून निर्णय घेते आहेस. सहाव्या बाइटापर्यंत जा. मात्र आवृत्तीच्या तिसऱ्या बाइटावर कडक अट घालू नकोस. टीएलएस १.३ सुद्धा त्या जागी जुन्याच आवृत्तीचा आकडा लिहितो आणि खरी आवृत्ती आत, एका विस्तारात सांगतो. वाटेतली अनेक उपकरणे अनोळखी आकडा दिसताच जोडणी तोडत असत, म्हणून २०१८ च्या मानकाला हा वेष घ्यावा लागला. ओळखणाऱ्याने केलेला अनावश्यक कडकपणा एका मानकाच्या रचनेत कायमचा कोरला गेला आहे, हे विसरू नये.

दोन प्रोटोकॉल एकमेकांत मिसळणार नाहीत हे गृहीत न धरता सिद्ध कसे करायचे, याचा माझ्या मते सर्वांत सुंदर नमुना पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये आहे. त्याचा क्लायंट पूर्वीपासून, टीएलएस हवे असेल तर, आधी आठ बाइटांची विनंती पाठवत असे: चार बाइट लांबीचे आणि चार बाइटांत ८०८७७१०३ हा संकेत. त्या संकेताच्या वरच्या अर्ध्या भागात १२३४ आणि खालच्या भागात ५६७९ आहे, आणि तो कोणत्याही खऱ्या आवृत्ती क्रमांकाशी जुळू नये अशी अटच आहे. २०२४ साली आलेल्या १७ व्या आवृत्तीपासून क्लायंट ही विनंती वगळून थेट टीएलएस सुरू करू शकतो, म्हणजे सर्व्हरला पहिल्याच बाइटावरून दोघांतला फरक करावा लागतो. तो २२ वर विश्वास ठेवू शकतो, कारण पोस्टग्रेसच्या लांबीचा पहिला बाइट २२ असता तर सुरुवातीचा तो संदेश कित्येक कोटी बाइटांचा ठरला असता, आणि तेवढा संदेश तो स्वीकारतच नाही. तुझ्या तक्त्यातल्या प्रत्येक जोडीसाठी असा एकेक युक्तिवाद वहीत लिहून काढ. जिथे तो लिहिता येणार नाही, तिथे ते दोन प्रोटोकॉल एका पोर्टवर ठेवू नकोस.

आता तुलनेच्या आधीचा भाग. तुझा कोड एकदा वाचतो आणि जे हाती येईल त्यावर निकाल देतो. टीसीपी हा बाइटांचा सलग प्रवाह आहे. समोरच्याने एका झटक्यात लिहिलेले तुला एका झटक्यात मिळेल असे आश्वासन तो कुठेही देत नाही. मीही अनेक वर्षांपूर्वी असाच कोड लिहिला होता. माझ्या यंत्रावर तो महिनोन्महिने बिनचूक चालला, आणि दूरच्या, संथ जोडणीवरच्या काही ग्राहकांना मात्र अधूनमधून नकार मिळत राहिला, कारण त्यांचे पहिले वाचन कधीकधी दोनच बाइट देत असे आणि माझा कोड त्या दोन बाइटांना अनोळखी ठरवत असे. तो दोष शोधायला मला फार वेळ लागला, कारण मी तो माझ्या कोडऐवजी नेटवर्कमध्ये शोधत होतो. ओळखणाऱ्या फंक्शनला दोन नव्हे, तीन उत्तरे असली पाहिजेत: जुळते, जुळत नाही, आणि अजून सांगता येत नाही. हे तिसरे उत्तर तुझ्या कोडमध्ये नाही.

ते घातलेस की लगेच दुसरा प्रश्न उभा राहील. बाइट न उचलता नुसते डोकावून पाहिले, तर ते कर्नलच्या बफरमध्येच राहतात, आणि ईपोल (कोणत्या जोडणीवर वाचण्यासारखे आहे ते कळवणारी लिनक्सची सोय) तुला पुन्हा पुन्हा सांगत राहतो की वाचण्यासारखे काही आहे. चौथ्या बाइटाची वाट पाहताना प्रोसेसर व्यर्थ फिरत राहतो. त्यापेक्षा बाइट उचलून आपल्या बफरमध्ये ठेवावेत आणि निर्णय झाल्यावर जोडणीसोबत तो बफरही पुढच्या हँडलरकडे सोपवावा, हे मला अधिक स्वच्छ वाटते. एकही बाइट गळता कामा नये. गो भाषेच्या प्रमाण ग्रंथालयात याच बफरचा एक हृद्य उपयोग आहे: टीएलएसच्या पोर्टवर कोणी साधे एचटीटीपी बोलले, तर शीर्षक म्हणून वाचून झालेले तेच पाच बाइट एचटीटीपीच्या सुरुवातीसारखे दिसतात का ते तपासले जाते, आणि दिसले तर त्या माणसाला त्याच्याच भाषेत उत्तर मिळते की हा एचटीटीपीएसचा सर्व्हर आहे. चुकून आलेल्याला समजेल असे उत्तर देणे हाही ओळखण्याचा एक चांगला हेतू आहे.

यापेक्षा अवघड आहे ते मौन. मेलचा एसएमटीपी, फायली पाठवण्याचा एफटीपी आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस यांच्यात आधी सर्व्हर बोलतो. क्लायंट गप्प बसून स्वागताच्या ओळीची वाट पाहतो. एसएसएचमध्ये दोन्ही बाजूंनी ओळख पाठवायची असते, पण काही क्लायंट सर्व्हरच्या ओळीनंतरच आपली पाठवतात. तू त्याच्या बाइटांची वाट पाहते आहेस आणि तो तुझ्या. मध्ये फक्त घड्याळ चालते. एसएसएलएच यावर असा तोडगा काढतो की ठरावीक वेळ कोणी काहीच बोलले नाही, तर तो एसएसएच असावा. हे एकाच मौनी प्रोटोकॉलपुरते चालते. दोन असले तर शांततेवरून त्यांच्यात फरक करता येत नाही, आणि कितीही हुशार कोड लिहिला तरी येणार नाही, कारण माहितीच नाही. लिंकर्डी या सर्व्हिस मेशमध्ये (सेवांमधल्या जोडण्या मध्ये राहून हाताळणाऱ्या व्यवस्थेत) ओळखण्यासाठी १० सेकंदांची मुदत आहे, आणि म्हणूनच २५ (एसएमटीपी) आणि ३३०६ (मायएसक्यूएल) यांसारखे पोर्ट त्यात मुळातच न तपासता पुढे सोडायच्या यादीत ठेवलेले आहेत. जिथे आधी सर्व्हर बोलतो तिथे अनुमान करू नये, कॉन्फिगरेशनमध्ये लिहून द्यावे. मुदत मात्र सर्वत्र हवी, आणि निर्णय न झालेल्या जोडण्यांच्या संख्येवरही मर्यादा हवी. नाहीतर एकेक बाइट मुद्दाम सावकाश पाठवणारा कोणीही तुझा सर्व्हर अडकवून ठेवील.

टीएलएसच्या आत काय आहे हे ओळखण्यासाठी तू उलगडलेला मजकूर पुन्हा त्याच तक्त्यातून काढते आहेस. तिथे त्याची गरज नाही. २०१४ च्या आरएफसी ७३०१ या इंटरनेट मानकाच्या दस्तऐवजाने एएलपीएन नावाची सोय केली: क्लायंट आपल्या पहिल्या संदेशातच कोणकोणते प्रोटोकॉल बोलता येतात ते सांगतो आणि सर्व्हर त्यातला एक निवडतो. एकही जुळला नाही तर हँडशेक तिथेच थांबवायचा असतो, आणि हा नकार अनेक सर्व्हर देत नसत. त्याची किंमत २०२१ मध्ये अल्पाका या हल्ल्याने दाखवून दिली: वेबसाठी निघालेली जोडणी वाटेतच त्याच प्रमाणपत्राच्या एफटीपी किंवा मेल सर्व्हरकडे वळवता येत होती, आणि प्रमाणपत्र खरे असल्यामुळे ब्राउझरला काही वावगे दिसत नव्हते. तेव्हा एएलपीएन न जुळल्यास जोडणी तोड. सवलत देऊ नकोस.

आणखी एका जागी मी तुला स्पष्ट नको म्हणणार आहे. प्रॉक्सी प्रोटोकॉलचे शीर्षक (मधला प्रॉक्सी सर्व्हर जोडणीच्या सुरुवातीला लावतो ती माहिती) आले तर वाचायचे, नाही आले तर पुढे जायचे, अशी सोय तू केली आहेस. एचएप्रॉक्सी या प्रॉक्सी सर्व्हरचे कर्ते विली तारो यांनी लिहिलेल्या त्या विनिर्देशात नेमकी हीच मनाई आहे: शीर्षक आहे की नाही याचे अनुमान घेणाऱ्याने करू नये. त्या शीर्षकात मूळ ग्राहकाचा पत्ता असतो. ते ऐच्छिक ठेवले, तर बाहेरचा कोणीही स्वतःच ते लिहून हवा तो पत्ता धारण करू शकतो, आणि तुझे पत्त्यावर आधारलेले सगळे निर्बंध निरर्थक होतात. पहिले बाइट नेहमी समोरचा निवडतो. त्यांच्यावरून कोणती भाषा बोलायची ते ठरवावे, कोणावर विश्वास ठेवायचा ते ठरवू नये. हे शीर्षक कोणत्या पोर्टवर आणि कोणाकडून अपेक्षित आहे ते कॉन्फिगरेशनमध्ये लिही, आणि तिथे ते आले नाही तर जोडणी बंद कर.

यूडीपीविषयी, म्हणजे सलग प्रवाहाऐवजी सुटी पॅकेट पाठवण्याच्या पद्धतीविषयी, तू विचारले नाहीस, म्हणून थोडक्यात: तिथे पॅकेटच्या सीमा टिकतात आणि तिथे ध्वनी-चित्र संवादात वापरल्या जाणाऱ्या प्रोटोकॉलांना पहिल्या बाइटाच्या श्रेणी चक्क वाटून दिलेल्या आहेत, स्टनला ० ते ३, डीटीएलएसला २० ते ६३, आरटीपीला १२८ ते १९१. हा विषय पुढे कधी हाती घेतलास तर आरएफसी ७९८३ पासून सुरुवात कर.

तूर्त एकच चाचणी लिही. प्रत्येक प्रोटोकॉलची खरी सुरुवात नोंदवून ठेव आणि ती सर्व्हरला एका वेळी एकच बाइट, मध्ये थोडे थांबून, पाठव. मग तीच सुरुवात प्रत्येक शक्य जागी दोन तुकडे करून पाठव. आणि शेवटी काहीच न पाठवता जोडणी नुसती उघडी ठेव. तिन्ही वेळा हँडलरपर्यंत नेमके किती बाइट पोहोचले ते मोजून लॉगमध्ये लिही आणि तो लॉग मला पाठव.

तुझा,
एक जुना सहकारी