दोन वाक्यांत माणूस कुठला ते कळतं का?

शिकता येतं, आणि वाटतं तेवढा वेळही लागत नाही.

तुम्ही लिहिलंय की ओहायोत येऊन आठ महिने झाले, शेजारच्या टेबलावरची बाई फोनवर दोन वाक्यं ऐकून 'हा मिनेसोटाचा', 'ही फिलाडेल्फियाची' असं सांगून मोकळी होते, आणि तुम्हाला मात्र सगळे अमेरिकन सारखेच बोलतात असं वाटतं. हा कान कसा तयार करायचा, असा तुमचा प्रश्न आहे.

माझा कान एका वाहन विमा कंपनीत तयार झाला. ११ वर्षं मी अपघाताचे क्लेम फोनवर घेतले, साऱ्या देशातून. आधी समोरचा माणूस काय झालं ते सांगायचा, मग मी पॉलिसी नंबर टाकायचे आणि पत्ता स्क्रीनवर यायचा. पत्ता दिसायच्या आत मी मनात राज्य ठरवून टाकायचे. बरोबर की चूक ते तिथल्या तिथे कळायचं. तुम्हीही एवढी सवय लावा: आधी मनात ठरवायचं, मग विचारायचं. नुसतं ऐकत राहून कान तयार होत नाही.

वरच्या एका उत्तरात 'हळू, हेल काढून बोलला की दक्षिणेचा' असं आलंय. त्या वाटेला जाऊ नका. सावकाश बोलणारे मिनेसोटातही भेटतात आणि घाईने बोलणारे जॉर्जियातही. हेल माणसागणिक बदलतो. शिवाय आपली मराठी सवय इथे आडवी येते. आपल्याकडे 'करून राहिलो' ऐकलं की विदर्भ, 'खंय' ऐकलं की मालवण. आपण क्रियापदं आणि शब्द पकडतो. अमेरिकेत व्याकरण बहुतेक ठिकाणी एकच, व्यंजनंही जवळपास तीच. मोठा फरक स्वरांत आहे. म्हणून अख्खं वाक्य ऐकू नका, त्यातले दोन-तीन ठरावीक शब्द ऐका.

मराठी कानाला सगळ्यात सोपी खूण 'पिन' आणि 'पेन'ची. अलाबामातल्या एका आजींचा क्लेम घेतला होता. क्लेम नंबर लिहून घ्या म्हटलं तर म्हणाल्या, थांब हं, पिन आणते. टाचणी कशाला, मला कळेना. परत आल्यावर म्हणाल्या, इंक पिन सापडलं. तेव्हा उलगडलं. दक्षिणेत न आणि म यांच्या आधी इ आणि ए एकच होतात, त्यामुळे 'पेन'चं 'पिन' होतं, 'टेन'चं 'टिन' होतं, आणि घोटाळा नको म्हणून लोक मुद्दाम 'इंक पेन' म्हणतात. दुसरी खूण 'टाइम', 'माइन' यांतली. दक्षिणेत तिथला इ गळतो आणि लांब आ उरतो: 'टाऽम', 'माऽन'. हे 'राइट', 'नाइस', 'व्हाइट' अशा शब्दांतही झालं, म्हणजे 'राऽट', 'नाऽस' ऐकू आलं, तर ॲपलेचियाचे डोंगर किंवा टेक्सस मनात धरा. बाकीच्या दक्षिणेत 'राइट' बहुधा शाबूत राहतो. हा बारकावा कळायला मला तीनेक वर्षं लागली, पण कळल्यावर टेनेसीचा डोंगराळ पूर्व भाग क्वचितच चुकला.

आता एक अडचण, जी आपल्या लिपीतून येते. बाजेला आपण 'कॉट' लिहितो आणि पकडलं या अर्थाचा शब्दही 'कॉट'च लिहितो. दोघांना एकच ऑ, त्यामुळे हा फरक आपल्याला ऐकूच येत नाही. अमेरिकेत पहिला शब्द बहुतेक ठिकाणी 'काट'कडे झुकतो. दुसरा तसाच 'काट' होतो की ओठ गोल करून वेगळा राहतो, यावर अर्धा नकाशा उलगडतो. पश्चिमेकडची राज्यं, पिट्सबर्गचा परिसर आणि बॉस्टनकडचा भाग दोन्ही एकसारखे म्हणतात. न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया वेगळे म्हणतात. न्यूयॉर्कचा जुना माणूस तर 'कॉफी'ला जवळजवळ 'कुऑफी' करतो. बॉस्टन आणि न्यूयॉर्क दोन्हीकडे जुने लोक 'कार'चा र खातात, म्हणून नवखा त्यांची गल्लत करतो. तिथे ही 'कॉट'ची कसोटी लावा.

ग्रेट लेक्स या मोठ्या तळ्यांच्या आसपासची शहरं, म्हणजे सिरॅक्यूज, बफेलो, क्लीव्हलँड, डेट्रॉइट, शिकागो, मिलवॉकी, यांचा एक पट्टाच आहे. तिथे 'कॅट' वर चढून 'किअट'सारखा होतो आणि त्याची जागा रिकामी झाली म्हणून 'ब्लॉक' सरकून 'ब्लॅक'जवळ येतो. एक स्वर हलला की शेजारचाही हलतो. १८२५ साली एरी कालवा पूर्ण झाला, न्यूयॉर्क राज्यातून लोक या काठाने पश्चिमेकडे सरकत गेले आणि बोलीही त्यांच्याबरोबर पसरली. साठीच्या पुढच्या माणसांत हे ठळक ऐकू येतं, तिशीतल्यांत बरंच ओसरलंय.

पेनसिल्वेनिया एकच राज्य, पण दोन टोकं दोन तऱ्हेची. फिलाडेल्फियात पाणी 'वुडर' असतं. पिट्सबर्गमध्ये 'डाउनटाउन'चं 'डानटान' होतं, 'तुम्ही सगळे' याला 'यिन्झ' म्हणतात, आणि 'गाडी दुरुस्त करायला हवी' हे 'द कार नीड्स फिक्स्ड' असं मधले दोन शब्द गाळून सांगतात. 'यिन्झ' आणि 'नीड्स फिक्स्ड' ही उत्तर आयर्लंडकडून आलेल्या स्कॉट्स-आयरिश वसाहतकऱ्यांची देणगी. क्लेमच्या फोनवर हे तिन्ही एकत्र इतक्यांदा ऐकलं की पुढे पत्ता बघायची गरज उरली नाही.

मिनेसोटा दोन शब्दांत ओळखू येतं: 'बॅग'चं 'बेग', आणि 'बोट'मधला ओ आपल्या मराठी ओसारखा सरळ. इतर अमेरिकन तिथे 'ओउ' करतात.

शब्दांचीही मदत होते. रस्त्यांबद्दल बोलणं माझ्या रोजच्या कामाचंच होतं. लॉस एंजेलिसकडचा माणूस ४०५ क्रमांकाच्या महामार्गाला 'द फोर-ओ-फाइव्ह' म्हणतो. सॅन फ्रान्सिस्कोकडचा नुसतं 'वन-ओ-वन', आधी 'द' नाही. गोल चौकाला ईशान्येकडच्या न्यू इंग्लंडमध्ये 'रोटरी' म्हणतात, न्यू जर्सीत 'सर्कल'. २०१३च्या डिसेंबरात न्यूयॉर्क टाइम्सने २५ प्रश्नांची बोलीची चाचणी काढली होती, ती मुख्यत्वे असल्या शब्दांवर होती. मजेशीर आहे, पण शब्द माणूस नवीन गावी जाऊन चटकन उचलतो. स्वर तसे उचलले जात नाहीत, ते लहानपणी बसतात.

म्हणून पत्ता आणि बोली जुळत नसेल तर स्वतःला चुकलं म्हणू नका. ॲरिझोनाचा पत्ता आणि 'किअट' म्हणणारा आवाज मला आठवड्यातून दोनदा भेटायचा: बफेलोकडून निवृत्त होऊन उन्हात राहायला गेलेले लोक. तसंच कृष्णवर्णीय लोकांच्या बोलीवरून राज्य ठरवायला जाऊ नका. १९१०च्या सुमारापासून १९७०पर्यंत सुमारे ६० लाख लोक दक्षिणेतून उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या शहरांत गेले आणि दक्षिणेचे स्वर घेऊन गेले. डेट्रॉइटमध्ये तीन पिढ्या वाढलेल्या घरातही 'टाऽम' ऐकू येतं. उलट रॅलेसारख्या दक्षिणेतल्या शहराजवळ १९६०च्या दशकात आयबीएम आली, उत्तरेतली कुटुंबं आली, आणि तिथे वाढलेल्या मुलांच्या बोलण्यातून दक्षिण हळूहळू निघून गेली.

गावापेक्षा जास्तही काही कळतं, आणि मला या सगळ्यात तेच सर्वांत मोलाचं वाटतं. विल्यम लबोव्ह या भाषाशास्त्रज्ञाने १९६२ साली न्यूयॉर्कमधल्या तीन दुकानांत, महागडं सॅक्स, मधलं मेसीज आणि स्वस्तातलं क्लाइन, जाऊन विक्रेत्यांना चौथ्या मजल्यावरच्या वस्तूंची जागा विचारली. 'फोर्थ फ्लोर' हे उत्तर आलं की ऐकू न आल्यासारखं करून पुन्हा विचारायचं. सॅक्सचे लोक र जास्त उच्चारत होते, क्लाइनचे सगळ्यात कमी, आणि दुसऱ्यांदा, सावधपणे सांगताना, र वाढत होता. त्याआधी १९६१मध्ये तो मॅसॅच्युसेट्समधल्या मार्थाज व्हिनयार्ड बेटावर गेला होता. उन्हाळ्यात तिथे पर्यटकांचा लोंढा येतो. बेटावरच राहायचं असं मनाशी ठरवलेले लोक, त्यातही चिल्मार्कचे कोळी, 'राइट' आणि 'हाउस'मधले स्वर जुन्या बेटाच्या पद्धतीने जास्त आवळून बोलत होते. ज्यांना बाहेर पडायचं होतं ते तसं बोलत नव्हते. एका स्वरात माणूस आपण कोणाचे ते सांगत असतो.

त्यामुळे अंदाज मोठ्याने सांगू नका. दक्षिणेकडच्या आणि डोंगराळ भागातल्या लोकांना बोलण्यावरून अडाणी ठरवलं जातं, ती जखम त्यांना असते. 'तुमचं लहानपण कुठे गेलं?' एवढंच विचारा. लोक आनंदाने सांगतात.

आणि तुम्ही ओहायोत आहात, याहून चांगली शाळा नाही. त्या एका राज्यात तीन पट्टे आहेत. उत्तरेत कनेक्टिकटकडून आलेल्यांनी वसवलेला क्लीव्हलँडचा भाग, तिथे 'ब्लॅक'कडे झुकणारा 'ब्लॉक'. मध्ये पेनसिल्वेनियाकडून आलेले, तिथे 'नीड्स फिक्स्ड'. दक्षिणेला ओहायो नदीपलीकडच्या केंटकी-व्हर्जिनियाकडून आलेले, तिथे 'टाऽम'. सिनसिनाटीत एखादे आजोबा तुमचं बोलणं ऐकू आलं नाही तर 'प्लीज?' असं विचारतील. ती जर्मन वसाहतीची खूण आहे, जर्मनमध्ये 'बिटे?' म्हणतात तसं.

उद्या ऑफिसात जे ओहायोत वाढलेत त्यांना विचारा, फुटपाथ आणि रस्ता यांच्यामधल्या गवताच्या पट्टीला तुमच्या घरी काय म्हणायचे? 'ट्री लॉन' म्हणाले तर बहुधा क्लीव्हलँडकडचे. 'डेव्हिल स्ट्रिप' म्हणाले तर ॲक्रनचे. मग त्याच माणसाला 'ब्लॉक' आणि 'टाइम' म्हणताना ऐका, आणि काय ऐकू आलं ते इथे येऊन लिहा.