पुण्याहून दोन दिवसांत समुद्रकाठी चालायला, राहायला आणि चांगलं खायला कुठे जावं?

डोळे झाकून दिवेआगर-श्रीवर्धन-हरिहरेश्वर करा. ताम्हिणी घाटातून माणगाव, म्हसळा करत जायचं, पहाटे निघालात तर चांदणी चौकातलं ट्रॅफिक वाचतं. मुक्काम दिवेआगरला, सुरूच्या बनामागे सरळ लांब किनारा आहे, सकाळी ओल्या वाळूत अनवाणी कितीही चाला. जेवण घरगुतीच घ्या, पण आधी फोन करून सांगावं लागतं, ऐनवेळी गेलात तर उकडीचे मोदक विसरा. मासे खात असाल तर सुरमईच्या मागे लागू नका, त्या दिवशी ताजं काय आलंय ते विचारा, आणि सोलकढी दोनदा मागायला लाजू नका 😄

दिवेआगर ते श्रीवर्धन जाताना आरावी-शेखाडीचा रस्ताच धरा, समुद्र अगदी बाजूला असतो, मला तर बीचपेक्षा हाच रस्ता जास्त आवडतो. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा मात्र फक्त ओहोटीला, वेळ देवळाजवळ विचारून घ्या, पावसाळ्यात तर नकोच, लाटेने माणसं ओढली गेलीयेत तिथे.

फेब्रुवारी-मार्चमध्ये जाणार असाल तर बागमांडल्याहून गाडी फेरीत टाकून पलीकडे वेळासला जा, कासवाची पिल्लं समुद्रात सोडतात. दिसतीलच याची गॅरंटी नाही हां.