स्पीड वाढवला की मॉडेल रेल्वेच्या इंजिनाचा लाइट चालू-बंद व्हायलाय, वायर कुठं चुकली?
भाऊ, स्पीडच्या एकेक पायरीला लाइट चालू-बंद होत असेल तर आधी वायरिंग उसकटू नका, बहुतेक डीकोडर (इंजिनातली, कंट्रोलरचा हुकूम ऐकणारी चिप) 14 स्पीड स्टेपवर अन् तुमचा कंट्रोलर 28 वर असंल, सीव्ही 29 (डीकोडरमधली एक सेटिंग) वाचा, 4 आला तर 6 टाका. मी परभणीत दोन रविवार सोल्डरिंग करत बसलो अन् निघालं हेच, डोकंच फिरलं.

तरी लागंना तर मग वायरी बघा. डीकोडरची निळी कॉमन प्लस (सगळ्या लाइटांची एकच प्लस), पांढरी पुढचा लाइट, पिवळी मागचा. एलईडीचा लांब पाय निळीकडं अन् 1 किलोओहमचा रेझिस्टर पाहिजेच, नाहीतर उडतोय. निळी मात्र लाल-काळ्या रुळाच्या वायरीला टेकू देऊ नका, डीकोडर जातो.