थांबलेला खेळ आणि हातातली शिट्टी

मुलीचे खेळणे थांबले की पुढे काय, आणि प्रशिक्षक होणे म्हणजे खेळाडू म्हणून हरल्याची कबुली नव्हे का, असे खेळाडूंच्या घरांतून मला वारंवार विचारले जाते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून एक अनुभव सांगते.

सांगलीत विश्रामबागेतील माझ्या समुपदेशन केंद्रात सव्वीस वर्षांची एक फुटबॉलपटू आईवडिलांसोबत आली. उजव्या गुडघ्याचा एसीएल हा अस्थिबंध दुसऱ्यांदा तुटला होता. ही दुखापत पुरुषांपेक्षा स्त्री खेळाडूंना अधिक होते, तरीही तिने सारा दोष स्वतःकडे घेतला होता. वडिलांना शासकीय नोकरीतील खेळाडूंचे ५ टक्के आरक्षण खुणावत होते, आईला स्थळांची घाई होती. एका शाळेतील मुलींना शिकवण्याचे काम तिने स्वीकारले होते खरे, पण रोज मैदानावरून परतल्यावर ती रडत असे.

पहिल्याच भेटीत मी चुकले. १९९५ पासून भारताकडून खेळलेल्या, २०१६ मध्ये थांबून प्रशिक्षणाकडे वळलेल्या आणि २०२० मध्ये पद्मश्री मिळालेल्या मणिपूरच्या फुटबॉलपटू बेमबेम देवींचे उदाहरण मी उत्साहाने दिले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "त्या स्वतः थांबल्या, मॅडम. मला थांबावं लागलं."

खेळ सुटल्याचे दुःख आणि प्रशिक्षक व्हायचे की नाही हा निर्णय, या दोन गोष्टी तिने, आणि तिच्यामागोमाग मीही, एकत्र बांधल्या होत्या. म्हणून पुढच्या तीन भेटींत भविष्याचा विषयच काढला नाही. तिने बूट आणले. तळाच्या स्टडमध्ये शेवटच्या सामन्याची काळी माती वाळून घट्ट बसली होती. तो सामना तिने मिनिटामिनिटाने सांगितला.

चौथ्या भेटीत तिने माझा चष्म्याचा डबा, स्टेपलर आणि दोन पेन टेबलावर मांडून, ती शिकवत असलेली चौदा वर्षांची एक मुलगी पास येण्याआधी मागे वळून पाहत नाही म्हणून चेंडू कसा गमावते, हे वीस मिनिटे समजावले. तेवढ्या वेळात तिचा हात एकदाही गुडघ्याकडे गेला नाही. मग मात्र आम्ही कागद पुढे ओढला.

वडिलांना हिशेब हवा होता, आणि तो रास्तच होता. फुटबॉल प्रशिक्षकाच्या डी परवान्यापासून सी, बी, ए आणि प्रो अशा पायऱ्या चढायला काही वर्षे लागतात, दरम्यान शाळेतील नियमित पदासाठी बीपीएड ही शारीरिक शिक्षणाची पदवी उपयोगी पडते, हे लिहून काढल्यावर त्यांचा स्वर बदलला. यंदा शासकीय नोकरीच्या परीक्षेचा अर्जही भरायचा आणि डी परवान्याचे प्रशिक्षणही घ्यायचे, असे ठरले. संध्याकाळी सातपर्यंत मैदानावर असणारी सून कोणाला चालेल, या आईच्या प्रश्नावर मी इतकेच म्हटले की, तो स्थळाकडच्यांना आधीच विचारावा, मुलीला नव्हे. ते त्यांना फारसे रुचले नाही.

रडणे कमी झाले आहे, थांबलेले नाही. बूट तिने अजून धुतलेले नाहीत, आणि धुवावेत असे मीही सुचवलेले नाही.